गारची गाभोळी

त्या वसंतात पाणी आलंच नाही. वरच्या मुलखात बर्फ कमी पडलं की मोठी नदी फुगत नाही, नदी फुगली नाही की अचाफलायाच्या दलदलीत पाणी पसरत नाही, आणि पाणी पसरलं नाही की क्रॉफिश चिखलातून वर येत नाहीत. बोटभर लांबीचे ते लाल झिंगे म्हणजे इथलं पीकच. एल्फेजच्या परसात क्रॉफिश धरायचे तारेचे पिंजरे एकावर एक रचलेले तसेच पडून होते आणि त्यांच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या होत्या. पाण्याच्या खुणा सायप्रसच्या खोडांवर माणसाच्या डोक्याच्याही वर दिसत होत्या, आणि खाली मुळं उघडी पडून वाळत होती.

नदीच्या बांधाकाठची धडधाकट माणसं केव्हाच समुद्राकडे कोळंबीच्या बोटींवर नाहीतर भातशेतीवर निघून गेली होती. एल्फेजलाही बोलावणं आलं होतं. वय झालं तरी त्याला बोटीचं इंजिन नुसतं ऐकून कळायचं. पण तो गेला नाही, कारण युलाला घरी एकटीला ठेवणं शक्य नव्हतं.

युला त्याची बायको. तिचं डोकं दोन वर्षांपासून हळूहळू रिकामं होत चाललं होतं. आधी नावं गेली, मग दिवस गेले. मग इंग्रजी गेलं, जे ती शाळेत छड्या खाऊन शिकली होती. उरली ती आईच्या मांडीवर शिकलेली फ्रेंच. तेवढ्यावर एल्फेजचं भागत होतं. त्यालाही कुठे दुसरं काही बोलायचं होतं? पण शेगडी पेटती सोडून ती बांधावर चालत निघाली आणि शेजारच्या अल्सीने तिला हाताला धरून परत आणलं, तेव्हापासून एल्फेजची झोप उडाली. पाळलेल्या वासरासारखं तो तिला बरोबर घेऊन फिरू लागला. दुकानात, चर्चमध्ये, बोटीत, जिथे तो तिथे ती.

त्यांची एकुलती मुलगी व्हर्लीन लाफायेत शहरात असायची. तिचा फोन आला की वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली आहे, ती फार दिवस रिकामी राहणार नाही, रविवारी येते आणि ठरवून टाकू. वाईट मुलगी नव्हती ती. रोज कामावरून आली की फोन करायची, आईचं औषध आठवणीने पाठवायची. पण तिचं म्हणणं एकदा सुरू झालं की ते शेवटापर्यंत जायचं. एल्फेजने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रविवारी या जेवायला. तुझी आई गार माशाचे गोळे करणार आहे."

"कोण करणार आहे?"

"तुझी आई. मी का करणार? मला तर अंडंही उकडता येत नाही."

"पापा, मागच्या खेपेला तिने कॉफीत मीठ घातलं होतं."

"डोकं गेलंय, हात नाही गेले तिचे. येऊन बघ. तिकडे तिची भाषा बोलणारं कुत्रंसुद्धा नाही, व्हर्लीन. तहान लागली तर पाणी कुणाकडे मागेल ती?"

व्हर्लीन म्हणाली, की ममाने खरंच स्वतःच्या हाताने सगळं केलं आणि आपल्याला ते डोळ्यांनी पाहायला मिळालं, तर हिवाळ्यापर्यंत आपण तो विषय काढणार नाही. एल्फेजने फोन ठेवला. मुलीशी सौदा केल्यासारखं त्याला वाटलं आणि लाजही वाटली, पण हिवाळा म्हटला तर पुष्कळ लांब होता.

गार पकडायची तर गळ चालत नाही. हा मासा देवाने कुठल्या तरी जुन्या जमान्यात बनवला आणि मग विसरून गेला. अंगावर हाडाच्या खवल्यांचं चिलखत, तोंड म्हणजे हातभर चोच, आणि चोचीत सुयांसारखे दात. त्या चोचीत मांस असं नाहीच, गळ रुतणार कशात? म्हणून इकडची माणसं नायलॉनच्या दोराने तिची फसगत करतात. दोराचा वीतभर तुकडा घ्यायचा, एका टोकाला तारेने आवळून बांधायचा आणि दुसरं टोक उकलून उकलून पार केसांसारखं मोकळं करायचं. गार त्यावर झडप घालते, चावते, आणि ते बारीक धागे तिच्या दातांत असे गुंततात की तिला तोंड उघडता येत नाही.

शनिवारी सकाळी एल्फेजने ओट्यावर पांढरा दोर आणून टाकला आणि मुद्दामच काही बोलला नाही. कॉफी पीत नुसता बघत बसला. युला थोडा वेळ दोराकडे पाहत राहिली. मग तिने तो मांडीवर ओढला, दातांनी पीळ सैल केला आणि एकेक पदर मोकळा करायला लागली. घोड्याचा जुना लोखंडी खरारा खुंटीला होता. तो कुठे आहे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. उठून घेऊन आली आणि दोर विंचरू लागली, वरून खाली, वरून खाली, मध्येच गुंता आला की तोंडात बोट ओलं करून सोडवत. एल्फेजच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुणाची वेणी घालतेस एवढी?" त्याने विचारलं.

"तुझ्या आईची नक्कीच नाही. तिचे केस कुठे एवढे दाट होते?"

एल्फेज इतका हसला की त्याला ठसका लागला. सासूच्या विरळ केसांवरून युला त्याला लग्नाच्या वर्षापासून चिडवत आली होती, आणि गेलं वर्षभर त्याने तो टोमणा ऐकला नव्हता. तिला मात्र आपण काय विनोद केला ते कळलं नाही. तो हसतोय म्हणून तीही हसली.

मग ते बोटीने निघाले. घरामागच्या ओढ्याला पाणी इतकं कमी होतं की इंजिन वर उचलून बांबूने रेटत जावं लागलं. एल्फेजचा उजवा खांदा जुना दुखरा. प्रत्येक रेट्याला तो दातांवर दात धरत होता. युला पुढच्या फळीवर पाठ ताठ करून बसली होती, डोक्यावर कापडी टोपी, चर्चला निघाल्यासारखी. धक्क्यावर अल्सी जाळं सुकवत उभा होता. त्याची जीभ कधी गप्प बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"गारीला बायकोला घेऊन चाललास? आमिष म्हणून की काय?"

"तुला नेतो, पण गारसुद्धा तोंड लावणार नाही तुला."

अल्सीला असला जबाब आवडायचा. पण युला त्याच्याकडे अनोळखी पाहुण्यासारखी बघत होती. ते पाहून त्याने टोपी काढली. एल्फेजला त्याचा टोमणा लागला नव्हता, ती काढलेली टोपी मात्र लागली.

पाणी आटलं की मासे खोल डोहात गोळा होतात. तुटक्या पुलापलीकडे तसा एक डोह होता. तिथे गारी वर येऊन हवा पीत होत्या. पाण्यावर लांब पाठ दिसायची, फसकन आवाज व्हायचा, पुन्हा सगळं शांत. ऊन डोक्यावर आलं. चिखलाचा आणि मेलेल्या शिंपल्यांचा वास येत होता, माश्या घोंगावत होत्या. एल्फेज दोर फेकायचा, हळूहळू ओढायचा, पुन्हा फेकायचा. एकदा झडप आली आणि त्याने घाईघाईने हिसका दिला. दोर रिकामाच परत आला.

"ओढू नकोस. चावू दे तिला," युला मागे न बघताच म्हणाली.

पुढच्या झडपेला त्याने ऐकलं. दोरी सुरसुरत गेली, थांबली, पुन्हा गेली. त्याने हात सैल ठेवला आणि गारीला पोटभर चावू दिलं. मग ताण दिला, आणि पाण्याखाली काहीतरी जड, रागीट वळलं. खांद्यातून कळ डोक्यात गेली. सुती हातमोज्यांतूनसुद्धा दोरी तळव्याला कापत होती. बोटीच्या कडेला चोच वर आली, पांढऱ्या धाग्यांनी बांधल्यासारखी घट्ट मिटलेली, आणि मागून अंग, जवळजवळ एल्फेजच्याच उंचीचं, पोट तट्ट फुगलेलं. मादी होती. त्याने तिला कल्ल्यामागे दोराचा फास घालून कशीबशी आत घेतली. ती शेपटाचे तडाखे देऊ लागली तसा बोटीतला डबा उलटला आणि वल्हं पाण्यात गेलं. तेवढ्यात युलाने फळीखालचा हातोडा काढला, गारीच्या मानेवर पाय दिला आणि डोळ्यांच्या जरा मागे, जिथे कवटी पातळ असते नेमकं तिथेच, एक घाव घातला. मासा थरथरून थांबला.

पक्कडीने दातांतला दोर सोडवून एल्फेजने वर पाहिलं तर युला उभीच होती. तिचा घागरा खालपर्यंत ओला झाला होता. आधी त्याला वाटलं पाणी उडालं. मग वास आला. तिलाही कळलं होतं काहीतरी झालंय ते, पण काय ते कळत नव्हतं, आणि ती लहान मुलीसारखी दोन्ही हातांनी घागरा अंगापासून धरून उभी होती. एल्फेजने टोपीत थोडं थोडं पाणी घेतलं आणि गुडघ्यांवर बसून तिचे पाय धुतले. मेलेली गार दोघांच्या मध्ये पडली होती.

ही गोष्ट व्हर्लीनला सांगायची नाही, असं त्याने तिथेच ठरवलं.

परसात पिकॅनच्या झाडाखाली फळ्यांचं टेबल होतं. गार साफ करणं हे सुरीचं काम नाही. कुऱ्हाडीने शेपटाकडे चीर पाडायची आणि पत्रा कापायच्या कातरीने पाठीवरून चोचीपर्यंत चिलखत कापत न्यायचं. कातर एल्फेजने चालवली, पुढचं सगळं युलाने केलं. चिलखत दोन्ही बाजूंनी पेटीच्या झाकणासारखं उघडलं, पाठीचे दोन लांब पट्टे काढले आणि चमच्याने खरवडून खरवडून मांस वेगळं केलं, शिरा मागे ठेवत. चमच्याची गती एकदाही चुकली नाही.

मग पोट उघडलं. आत गाभोळी होती, हिरवट, मोठ्या दाण्यांची, पातेलंभर.

गारची गाभोळी विषारी असते हे बांधाकाठचं शेंबडं पोरही सांगेल. बाकी माशांची तव्यावर भाजून खातात, गोळ्यांत घालतात, भांडणं करून वाटून घेतात. गारीची मात्र तोंडाजवळ नेत नाहीत. ती खाऊन कोंबड्या पडतात, कुत्री पडतात, माणूस उलट्या करकरून निळा पडतो. म्हणून इथली रीत अशी, की गार फाडणाऱ्याने गाभोळी खड्ड्यात पुरल्याशिवाय हात धुवायचे नाहीत, मग दारात बिशप येऊन उभा राहिला तरी. ही रीत एल्फेजला शिकवली होती ती युलानेच. लग्नानंतरच्या पहिल्या गारीला तो अर्ध्यावर उठून पाणी प्यायला निघाला, तेव्हा तिने त्याच्या पाठीत चमचा हाणला होता.

त्याने फावडं आणलं होतं. तेवढ्यात अल्सी आला, मासा बघायला. चिलखत उचलून त्याने तोंड भरून तारीफ केली. खरवडलेल्या मांसाचा ढीग बघून म्हणाला, एवढं सफाईचं काम तर त्याच्या आईचंसुद्धा नव्हतं. एल्फेजची छाती फुगली. किती दिवसांनी कुणी युलाबद्दल कीव न करता बोलत होतं. त्याला वाटलं, हे अल्सीने उद्या व्हर्लीनसमोर बोललं पाहिजे, म्हणजे ती बापाचं नाही तरी परक्याचं ऐकेल. तेच समजावत तो अल्सीबरोबर फाटकापर्यंत गेला. फाटकाशी पाण्याचा विषय निघाला, पाण्यावरून नदीवरच्या पाणी सोडायच्या दरवाजांचा निघाला, सरकारला शिव्या देऊन झाल्या. परत आला तेव्हा टेबल धुतलेलं होतं, मांस बर्फाच्या पेटीत होतं आणि पातेलं घासून खुंटीला लावलेलं होतं.

"गाभोळी कुठाय?" त्याने विचारलं.

"पुरली की. अंजिराखाली."

ती हे इतक्या सहज म्हणाली की त्याला फार बरं वाटलं. अंजिराखालीच पुरायचे ते दरवर्षी. अंजीर काही लांब नव्हतं, चार पावलं जाऊन बघितलं असतं तर माती हललेली नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एल्फेज गेला नाही. दिवसभर सगळं तिने बरोबर केलं होतं आणि आता तिची परीक्षा घ्यायला त्याचं मन धजेना. फावडं त्याने भिंतीला टेकवलं आणि आत गेला.

रविवारी त्याला जाग आली ती कांद्याच्या वासाने. युला त्याच्या आधी उठली होती, जुन्या दिवसांत उठायची तशी. बटाटे उकडून, कांदा, ढोबळी मिरची, कांद्याची पात, अजमोदा सगळं बारीक चिरून तिने मांसात कालवूनसुद्धा ठेवलं होतं आणि वर फडकं टाकलं होतं. एल्फेजने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला. देवाचे आभार मानायची त्याला सवय नव्हती, तरी त्याने ते मानले.

व्हर्लीन आणि तिचा नवरा डेल आले तेव्हा गोळे तळून रश्श्यात सोडायचं काम चाललं होतं. डेल टेक्सासचा, स्वभावाने गरीब, पण त्याला फ्रेंचचा एक शब्द कळत नसे आणि गार हा मासा माणसं खातात हेच त्याला पटत नसे. त्यांच्याकडे गार काठावर फेकून देतात, असं त्याने हसत हसत सांगितलं. एल्फेज इंग्रजीत म्हणाला की म्हणूनच त्यांच्याकडे माणसं इतकी सुकलेली. डेल मनापासून हसला.

व्हर्लीन हसली नाही. ती दाराला टेकून आईकडे बघत होती. युला तळहातावर पीठ घेऊन गोळा वळत होती, कढईत सोडत होती, झाऱ्याने फिरवत होती, आणि गुणगुणतही होती. मध्येच तिने मुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अशी उभी काय राहिलीस? ताटल्या घे, व्हर्लीन."

नाव घेतलं तिने. मागच्या दोन खेपांना ती मुलीला आपली मेलेली बहीण समजत होती. व्हर्लीनने ताटल्या घेतल्या आणि बापाजवळून जाताना थांबली. म्हणाली, "राहू द्या पापा. हिवाळ्यात बघू." एल्फेजने तिच्या हातातल्या ताटल्या घेऊन टेबलावर मांडल्या.

सगळे बसले. भात, पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि मध्ये रश्श्याचं मोठं पातेलं. युलाने आधी जावयाला वाढलं, मग मुलीला, मग नवऱ्याला. डेलने देवाचं नाव घेतलं. एल्फेजने काट्याने गोळा फोडला.

आत हिरवं होतं. पातीचं असेल, अजमोद्याचं असेल. दोन्ही त्यात होतंच. पण एक दाणा गोल होता. त्याने तो काट्याने बाजूला काढला आणि नखाने दाबला, तसा तो टचकन फुटला. त्याने दुसरा गोळा फोडला, त्यातही तेच. मान वर केली तर डेलचा काटा तोंडाशी पोचला होता.

एल्फेजने टेबलावरून झेप घेतली आणि जावयाच्या हातावर असा फटका मारला की काटा भिंतीवर जाऊन आदळला. मग व्हर्लीनची ताटली ओढली, पातेलं उचललं, बोटं भाजत होती तरी ते तसंच न्हाणीत नेलं आणि सगळं मोरीत ओतलं. आत आला तेव्हा डेल उभा होता आणि व्हर्लीन बापाकडे अशी बघत होती की त्याला त्या नजरेची भीती वाटली.

"मासा खराब झालाय," तो म्हणाला. "माझ्यामुळे. काल उन्हात ठेवला मी, गप्पा मारत बसलो. वास येतोय. तुम्हाला नाही आला?"

कुणालाच वास आला नव्हता. व्हर्लीन काही बोलणार तेवढ्यात युला बोलली. तिला फार लागलं होतं.

"माझ्या हातचं खराब? पहाटे उठून केलं मी. बर्फात झाकून ठेवलेली गाभोळीसुद्धा घातली, गोळा मऊ यावा म्हणून. आणि तू मोरीत टाकलंस?"

डेलला काही कळलं नाही. काय म्हणाली, काय झालं, असं तो विचारत राहिला आणि त्याला उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं. व्हर्लीन शहरात राहिली तरी बांधाकाठीच वाढलेली पोर होती. ती टेबलाला वळसा घालून आईपाशी आली, तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि अगदी हळू विचारलं, "ममा, तू खाल्लंस यातलं?"

"चाखल्याशिवाय पाहुण्यांना वाढते का मी कधी?" युला म्हणाली.

इस्पितळाकडे गाडी डेलने चालवली. मागे मधोमध युला, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला नवरा. शहर लांब होतं आणि बांधावरचा रस्ता खडबडीत. अर्ध्या वाटेपर्यंत ती खिडकीतून गाई बघत होती आणि बोटाने दाखवत होती. एल्फेजला आशा वाटायला लागली की थोडंच चाखलं असेल. मग तिने पोट धरलं. पुढचा रस्ता त्याला नीट आठवत नाही. तिचं कपाळ थंडगार घामाने भिजलं, ती ओकत होती, कपड्यांत होत होतं आणि ती प्रत्येक वेळी माफी मागत होती, गाडी कुणाची आहे ते माहीत नसताना. एल्फेजने आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीने तिचं तोंड पुसलं. ती कण्हत विचारत होती, "मी काय केलं? एल्फेज, मी काय केलं?" तो म्हणत होता, काही नाही, तू काही नाही केलंस.

ती वाचली. इस्पितळात सलाईन लावलं, नळी घातली, संध्याकाळपर्यंत रंग परतला. नर्स चांगली होती, पण ती इंग्रजीत विचारायची आणि युला छताकडे बघायची. दोनदा तिला पाणी हवं होतं, आणि दोन्ही वेळा ते व्हर्लीनने सांगितलं.

बाहेर बाकावर बाप-लेक बसले. एल्फेजच्या हातांना फोड आले होते, ते त्याने मांडीखाली दाबून धरले होते. तोच आधी बोलला. म्हणाला, चूक तिची नाही, सगळी माझी. गाभोळी पुरायच्या आधी मी उठलो. मी बडाया मारत फाटकावर उभा राहिलो. अंजिराखाली बघितलं नाही. तिला कशाला शिक्षा?

"हो पापा, चूक तुमचीच," व्हर्लीन म्हणाली. ती रागाने बोलत नव्हती. "तुम्ही फाटकापर्यंत गेलात, एवढीच चूक. आता मला सांगा, यापुढे तुम्ही फाटकापर्यंतसुद्धा जाणार नाही का? झोपणार नाही? उद्या पाणी आलं तर पिंजरे कोण बघेल? एक क्षणही नजर हलवणार नाही, असं मला सांगा. सांगा, आणि मी तिला तुमच्याबरोबर घरी सोडते."

एल्फेजने तोंड उघडलं. सांगायची त्याची फार इच्छा होती. खोटं बोलायलाही तो तयार होता, दुपारी एकदा बोललाच होता. पण त्याला आपल्या पाठीतला तो चमच्याचा फटका आठवला, आणि जिने तो मारला ती बाई आता कुठेच उरलेली नाही, हे त्याला पहिल्यांदा सरळ दिसलं. इतके दिवस तो हातांकडे बघत आला होता. खरारा फिरवणारे हात, हातोडा मारणारे हात, गोळे वळणारे हात. त्याच हातांनी तिने पोटच्या पोरीच्या ताटात विष वाढलं होतं, आणि प्रेमाने वाढलं होतं.

"घेऊन जा," तो म्हणाला.

व्हर्लीन रडायला लागली. त्याला वाटलं होतं की जिंकल्यावर माणूस रडत नाही.

तो आत गेला. युला जागी होती, लहानशी दिसत होती, केस चिकटलेले. तिने त्याला ओळखलं. आज तिने ओळखायला नको होतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की ती थोडे दिवस व्हर्लीनच्या गावी राहणार आहे, तब्येत सुधारेपर्यंत. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोला सांगितलेली ही पहिली मोठी थाप. तिने ती निमूट ऐकली.

"आणि तू?"

"मी येत जाईन."

तिने त्याच्या भाजलेल्या बोटांवरून हात फिरवला आणि भाजलं कशाने ते विचारलं. तो म्हणाला, कढईने. ती चुकचुकली. मग खिडकीबाहेर बघितलं. ऊन कलत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याच्या ओळखीची घरच्या बाईची काळजी उमटली.

"मग तू इथे बसू नकोस," ती म्हणाली. "निघ तू. घरी कुणीच नाहीये."

तो उठला, तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, टोपी घेतली आणि डेलला म्हणाला, मला घरी सोड.